धुतलेली चार नाणी, न धुतलेली चौदा

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालच्या एका रविवारी सकाळी, नेपरव्हिलच्या याच घरात, मी टेबलावर घेवड्याच्या शिरा काढत होते आणि माझे यजमान शशिकांत समोर बसून भिंगातून चांदीचे अर्ध्या डॉलरचे नाणे पाहत होते.

"सुलभा, बघ, बैलगाडी! ही माणसं आपल्यासारखीच पश्चिमेला निघाली होती."

"आपण विमानाने आलो. जेवणही होतं," मी म्हणाले.

ते हसले, नाणे हातातून निसटून शिरांच्या ढिगात पडले आणि आम्ही दोघांनी ते दहा मिनिटे शोधले.

ती मी, सुलभा शशिकांत मोघे, वय चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मन स्थिर असल्याचे लिहावे लागते. बुद्धी शाबूत आहे. मन स्थिर आहे असे मात्र मी शपथेवर लिहू शकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला इंग्रजीत उत्तम अर्ज लिहायला शिकवले, पण हे अर्जासारखे लिहिता येईना, म्हणून मराठीत. भाषांतर साक्षीदार शैलेंद्रने करावे.

१. घर व बँकेतील ठेवी मुलगा अंकुर व मुलगी रुचा यांना निम्म्या निम्म्या.

२. चकलीचा सोऱ्या मैत्रीण शुभा हिला देऊ नये. १९९१ साली तिने तो नेला आणि चांदणीची ताटली ठेवून घेऊन परत केला. विचारले तर म्हणते, "अगं, ती माझीच होती!" तेव्हापासून माझ्या घरी चकली नाही. (पुन्हा विचार करता, सोऱ्याही तिलाच द्यावा. नुसत्या ताटलीचे ती तरी काय करणार?)

३. आता नाणी. या कलमाचा निकाल लावल्याशिवाय मला इस्पितळात जायचे नाही.

ऑरेगन ट्रेल या जुन्या वाटेने बैलगाड्यांतून पश्चिमेला गेलेल्या लोकांच्या स्मरणार्थ ही नाणी काढली होती. यांनी वेगवेगळ्या वर्षांची चौदा जमवली. प्रत्येक नाणे तज्ज्ञांनी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद केलेले, आत वर्ष आणि दर्जा लिहिलेली चिठ्ठी. त्याला सर्टिफाइड म्हणतात. त्या गाड्यांनी दगडात पाडलेल्या चाकोऱ्या पाहायला यांनी आम्हाला उन्हातून वायोमिंगपर्यंत नेले. मुले गाडीतून उतरली नाहीत. मी उतरले.

१९९७ च्या लक्ष्मीपूजनाला माझ्याकडे चांदी नव्हती. माझी सगळी नागपूरला लॉकरमध्ये. हे ऑफिसला गेलेले. देवीपुढे प्लॅस्टिक कसे ठेवायचे? मी बत्त्याने चार डब्या फोडल्या, नाणी चिंच आणि रांगोळीने लख्ख घासली, तबकात मांडून हळदकुंकू वाहिले. संध्याकाळी हे आले, बूट न काढताच तबकापाशी थांबले.

"छान चकाकताहेत," एवढेच म्हणाले. प्रसाद घेतला. पुढच्या वर्षापासून तीच चार नाणी दिवाळीला स्वतः माझ्या हातावर ठेवत. "घे. ही तुझी."

२००३ च्या मार्चमध्ये हे गेले. यांच्या ऑफिसातला शैलेंद्र, पुण्याचा, त्यालाही नाण्यांचा नाद, यादी करायला आला. चार नाणी पाहून ओरडला, "काकू! कॉइन कधी धुतात का? सगळी किंमत गेली ना यांची! कोणी केलं हे?"

"मी."

"आणि काका काय म्हणाले?"

"छान चकाकताहेत म्हणाले."

त्याने यादीत "धुतलेली, चार" असे लिहिले.

मग कपाटात यांची पेटी सापडली. तीत चौदा नाणी होती, पुरी चौदा, सगळी बंद डब्यांत. आतल्या पावत्यांवरून कळले, मी फोडलेल्या चारही वर्षांची नाणी यांनी दोन वर्षे शोधून पुन्हा मिळवली होती. फुटक्या डब्यांतल्या चार चिठ्ठ्या एका पाकिटात होत्या. पाकिटावर फक्त त्या लक्ष्मीपूजनाची तारीख.

म्हणजे यांना लागले होते. मग बोलले का नाहीत? मला दुखवायचे नव्हते, की हिला सांगून काय कळणार असे वाटले? सदतीस वर्षांच्या संसारानंतर मला याचे उत्तर येत नाही. कधी वाटते, एवढे प्रेम कोण करते! कधी इतका राग येतो की फोटोपुढचे फूल बदलत नाही.

४. सर्व अठरा नाणी अंकुरला. हे कलम मी खोडत आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, फोर आर रुइन्ड, राइट? ती रुचाला देऊन टाक. अँड प्लीज, बाकीच्यांना हात लावू नकोस."

रुचाला विचारले. ती म्हणाली, "मला तीच हवीत, आई. द शायनी वन्स." मग थोड्या वेळाने, "बाबा खरंच काहीच बोलले नाहीत? दॅट्स सो सॅड." मला हे सुचलेच नव्हते की ते बिचारे एकटे पडले असतील.

५. म्हणून कायम व्यवस्था अशी. बंद डब्यांतली चौदा नाणी अंकुरला. ठेवावीत, विकावीत, त्याची मर्जी. पाकीट आणि चिठ्ठ्याही त्यालाच, वाचून पाहाव्यात.

भिंग शैलेंद्रला द्यायचे होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. ते मी आजच त्याच्या हातात दिले आहे.

धुतलेली चार नाणी व तबक रुचाला. तिने ती दर दिवाळीला खुशाल घासावीत. आणि माझे जावई प्रसन्न यांना विनंती: रुचाच्या हातून तुमची एखादी जिवापाड जपलेली वस्तू बिघडली तर त्याच दिवशी, मोठ्या आवाजात रागवावे. तशीच दुसरी आणून गुपचूप कपाटात ठेवू नये. रुचानेही उलट बोलावे. हे कायद्यात बसत नसले तरी दोघांना समोरासमोर बसवून वाचून दाखवावे.

वरील मजकूर माझा आहे, खाडाखोडीसकट.

सही: सुलभा शशिकांत मोघे
नेपरव्हिल, इलिनॉय. ४ ऑक्टोबर २००६

आमच्यासमोर सही केली:
१. शैलेंद्र त्र्यंबक दाबके
२. ज्ञानदा संजीव पाठारे, शेजारी