कातरी जिवंत आहे

ताई,

"अजून त्या माशांच्याच मागे का गं?" असं विचारायचीस. मासे नाहीत ते! डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराच्या खाचा पाहून मी एकेकीला ओळखते. त्यातली कातरी नावाची मादी दिसेना, तेव्हा मीच तिला मृत ठरवून शोधनिबंध छापला. आज कळलं, बोटीच्या पंख्याने तिचा पर कापला गेला होता. तीन वर्षं मी तिलाच नवी मादी म्हणून मोजत होते. कातरीचं पिल्लू या 'नव्या' मादीला चिकटून असायचं, पण मी खाचाच बघत बसले. आमचे संस्थेतले साहेब म्हणतात, "आता उकरून काढू नका." डोक्यात जातात अगदी!

आठवतं? आजारातून उठून, केस गेलेली तू दारात आलीस, आणि मी विचारलं, "कोण हवंय?" आत बसलेल्या आईने तुला नुसत्या खोकल्यावरून ओळखलं होतं. तू दारातूनच परत गेलीस, ती पुन्हा आलीच नाहीस.

निबंधाची दुरुस्ती उद्या पाठवतेय. हे पत्र मात्र आधीच्या चार पत्रांसोबत ड्रॉवरमध्येच जाईल.

तुझी,
मासेवाली