डाव्या हाताची टाचणी

कोल्लेफेर्मा,
११ नोव्हेंबर २००८, संत मार्तीनोचा दिवस

प्रिय देल्फिना,

नमस्कार. तू आणि मुलं-नातवंडं खुशाल असाल. नाताळच्या कार्डावर नुसती सही करणाऱ्या दोन बायांना एकमेकींची खुशाली कळायला दुसरा मार्ग नाही, म्हणून विचारते. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. ऑलिव्ह यंदा बरे आले. नव्या वाइनचं पिंप आज उघडलं. वाइन पाणचट आहे, पण गावातले पुरुष तिची स्तुती करताहेत, कारण ती त्यांनीच केली आहे.

आता मुद्द्याचं. एर्मेते बाल्दोनीला तू पत्र लिहिलंस का?

एर्मेते म्हणजे चौकातल्या औषधवाल्याचा धाकटा. तू गाव सोडलंस तेव्हा त्याचं नाक त्याची आई पुसत असे. बोलोन्यात नोकरी करून गेल्या वर्षी तो परत आला आणि आमच्या गुरुवार मंडळात शिरला. हे मंडळ चर्चच्या सभागृहात संध्याकाळी पाचला जमतं. पाळीपाळीने प्रत्येकाने आपला आवडता सिनेमा आणायचा आणि तो लावण्याआधी त्याच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगायच्या, असा नेम. तुझी मावसबहीण नाझ्झारेना लढाईचे सिनेमे आणते. मागे तिने सांगितलं की सेनापतीच्या मिशा बकरीच्या केसांच्या होत्या आणि ती बकरी दर शॉटला त्या चाटायला यायची. मी विचारलं, “कुणी सांगितलं तुला?” तर म्हणाली, “मला आपलं वाटलं!” फादर फाब्रीत्सिओ संतांचे सिनेमे आणतात. त्यांच्या एका संताने क्रुसावरून उतरल्याउतरल्या सिगारेट मागितली होती म्हणे. हे सांगताना फादर हसतात आणि सिनेमा लागला की रडतात.

माझी पाळी आली की मी ‘विधवेची खिडकी’ आणते. दुसरा कुठला आणणार? १९६१ च्या ऑक्टोबरात तो आपल्याच लेसशाळेत, सिस्टरांच्या त्या लांबट खोलीत घेतला गेला. नटीबाईला लेस विणता येत नव्हती. धागा गुंडाळलेली लाकडी रिळं ती काटा-सुरीसारखी धरायची. म्हणून पडद्यावर जवळून दिसणारे हात शाळेतल्या मुलीचे आहेत. ती चाळीस सेकंदं तुला सांगायला नकोत. रिळं टकटकत असतात, मांडीवरच्या लेसच्या उशीवर नक्षीच्या टाचण्या बसत असतात, आणि दारावर थाप पडायच्या आधीच हात थांबतात, थरथरतात, एक रीळ निसटून लोंबकळतं. नवरा बुडाल्याची बातमी बाईच्या आधी तिच्या हातांना कळली, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. मी शेहेचाळीस वर्षं खरं कारण सांगत आले आहे: खोलीत शेगडी नव्हती, बोटं गारठली होती. लोकांना हे फार आवडतं. आपण ज्यावर रडलो ती नुसती थंडी होती, हे कळलं की माणसांना बरं वाटतं.

यंदा नगरपालिकेने सिनेमाची जुनी प्रत धुऊन-पुसून नवी तबकडी काढवून घेतली. चित्र इतकं लख्ख की नखाखालचा मळसुद्धा दिसतो. येत्या आठ डिसेंबरला, मारियामातेच्या सणाला, लेसशाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसणार आहे. ‘या खोलीत ओर्सोला पिएर्सांती हिच्या हातांनी’ वगैरे. नगराध्यक्ष स्वतः घरी येऊन मजकूर वाचून दाखवून गेले.

आणि मागच्या गुरुवारी हे एर्मेते महाशय ऐन त्या जागी हात वर करतात.

“ओर्सोलाबाई, जरा थांबवता का चित्र? टाचणी डाव्या हातात आहे.”

मी म्हटलं, “लॅबवाल्यांनी फिल्मची तेवढी पट्टी उलटी छापली. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

“हो हो, मीही तेव्हापासूनच ऐकतोय. पण मागे भिंतीवर कॅलेंडर आहे बघा. आमच्या दुकानाचं. ‘बाल्दोनी औषधालय’, सरळ वाचता येतं. पट्टी उलटी असती तर बाबाही उलटे नसते का झाले?”

“तुझे बाबा सरळ कधी होते रे?” नाझ्झारेना म्हणाली, आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. हसावं लागलं.

जाताना कोट चढवता चढवता त्याने हळूच विचारलं, “तुमच्या वर्गात कुणी डावखुरी होती का हो?”

मी सांगितलं, “सिस्टरांच्या शाळेत डावखुरं कुणी उरत नसे.” हे खरंच आहे. एप्रनच्या नाडीने डावा हात खुर्चीला बांधला की दोन महिन्यांत सगळ्या सुधारायच्या. एक सोडून सगळ्या.

आता तूच सांग, ज्या माणसाने जन्मात लेसची उशी मांडीवर घेतली नाही, त्याला टाचणी कुठल्या हातात आहे हे कसं सुचतं? कुणीतरी सुचवल्याशिवाय नाही. दिग्दर्शक गेला, कॅमेरावाला गेला, शाळा चालवणाऱ्या मदर जेल्त्रूदे एकोणऐंशी साली गेल्या. मी कुणाला काही बोललेले नाही. उरलं कोण? काल बेकरीत मी शिरले तेव्हा एर्मेते आणि नाझ्झारेना बोलता बोलता थांबले. मग त्याने मला भाजलेले चेस्टनट दिले. मी घेतले. त्याने पुन्हा दिले. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस दुसऱ्यांदा चेस्टनट देत नाही.

तुझ्या मनात राग असेल. शाळेतून तुला काढलं, गिरणीवाल्यांनी सोयरीक मोडली, जानेवारीत वडिलांनी तुला बेल्जियमला काकाकडे धाडून दिलं. तू उघड्या दंडांनी त्या पुरुषांत एकटी बसली आहेस, हे मदरना कुणीतरी जाऊन सांगितलं. नाझ्झारेनाची जीभ तुला ठाऊकच आहे. तो विषय मला उकरायचा नाही. पण त्याचा सूड या वयात, या मार्गाने?

तुझा भाग कापला गेला, हे मी तुला बासष्ट साली कळवलं होतं. त्यात आजवर काही बदल झालेला नाही. एर्मेतेचं पत्र आलं तर उत्तर देऊ नकोस. आठ तारखेपर्यंत गप्प राहा, एवढंच मागते. आणि काही लिहून बसली असशील तर तेही सरळ कळव. मला अंधारात दगड मारलेला खपत नाही.

तुझी शाळासोबतीण,
ओर्सोला



कोल्लेफेर्मा,
१ डिसेंबर २००८

देल्फिना,

तुझं पत्र पोचलं. पाचच ओळी होत्या, म्हणून मला त्या पाठ झाल्या आहेत.

‘मी कुणालाही लिहिलेलं नाही. तो सिनेमा मी कधी पाहिला नाही. तुझे हात बघायला मी कशाला जाऊ? माझा भाग कापला होता, तर एर्मेते विचारतो ती डावखुरी कोण? आणि मी गप्प राहायचं ते कशाबद्दल? नाझ्झारेनाला माझा निरोप नाही. तिने मदरना सांगितलं ते मी विसरलेले नाही.’

मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं आणि मग बसले. दुसऱ्याची झडती घ्यायला निघालेल्या बाईने स्वतःचाच खिसा उलटा करून टपालात टाकावा, असं झालं. तू पाहिला असशील, तुला माहीत असेल, आणि तू इतकी वर्षं दात धरून बसली असशील, हे मी धरूनच चालले होते. दर नाताळला तुझी ती कोरडी सही बघून मला वाटे, ही मला बजावते आहे. तू नुसती सही करत होतीस.

मग मी एर्मेतेच्या दारात गेले. बसा म्हणाला, बसले नाही.

“तुला कुणी सांगितलं?”

“कशाचं?”

“डाव्या हाताचं. खरं बोल, मी तुझ्या आईला ओळखत होते.”

तो गोंधळला. म्हणाला, “कुणी नाही हो. आमच्या दुकानाचा एक फोटोसुद्धा राहिलेला नाही, बाई. सगळं विकताना गेलं. बाबांचं नाव कुठे दिसत असेल तर त्या कॅलेंडरवर. म्हणून मी तेवढीच जागा लावून लावून बघतो. हात मध्ये येतात.”

हात मध्ये येतात! मी तीन आठवडे मनातल्या मनात त्याच्याभोवती कट रचत होते, आणि तो बिचारा बापाला शोधत होता. चेस्टनटचंही विचारलं. म्हणाला, “जास्त भाजले गेले होते, संपत नव्हते.”

गेल्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, मी पाळी नसताना तबकडी घेऊन गेले. त्या जागी चित्र थांबवलं आणि सांगितलं, “हे हात देल्फिनाचे आहेत. पट्टी उलटी नाही, कधीच नव्हती. ती गोष्ट मी रचली. या सिनेमात माझं नखसुद्धा नाही.”

मग नाझ्झारेना म्हणाली, “म्हणजे शेहेचाळीस वर्षं तू आम्हाला त्या नसलेल्या शेगडीपाशी बसवलंस?”

फादर म्हणाले, “ओर्सोलाबाई, हे कबुलीला येऊन सांगायचं असतं.”

“तिथे तुम्ही एकटेच ऐकता, फादर.”

नगराध्यक्षांना शुक्रवारी भेटले. म्हणाले, “अहो, दगड कोरून झालाय! हात कुणाचेही असोत, गाव तर आपलंच ना?” मी म्हटलं, दगड लावलात तर मी त्याखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन की हा खोटं बोलतो. मी बोलते तसं करते, हे त्यांना ठाऊक आहे. समारंभ पुढे ढकलला आहे. नवीन दगडावर तुझं नाव माहेरचं हवं की सासरचं, ते त्यांना कळव, मला नको.

इथे पत्र संपवता आलं असतं. काल इथपर्यंत लिहून मी पाकीटही शोधायला उठले होते. पण त्या गुरुवारी एर्मेतेने आणखी एक विचारलं होतं. “मग ते हात का थांबले हो?” मी म्हटलं, मला काय माहीत.

मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात घेतले. सकाळपासून दुपारपर्यंत मी विणलं, एक धागा चुकला नाही. दिग्दर्शक म्हणाला, “बाई, तुमच्या हातांना सगळं आधीच ठाऊक असतं. मला घाबरू शकणारे हात हवेत.” सगळ्या मुलींसमोर म्हणाला. सलग तीन वर्षं मला पहिलं बक्षीस होतं, देल्फिना, आणि तुझी लेस सिस्टर दर आठवड्याला उसवायच्या. त्याने तुला बोलावलं. तू म्हणालीस, मी डाव्या हाताने करते, चालेल का? तो म्हणाला, कराच. तू माझ्याकडे बघून हसलीस. आनंदाने हसली असशील. मी ते तसं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू कॅमेऱ्यासमोर बसल्यावर मी मठात मदरच्या खोलीत गेले. तुझ्या भल्यासाठी, असं म्हणाले. मनातही तसंच म्हणाले. सिस्टरांनी आपल्याला एवढं नीट शिकवलं होतं. उघडे दंड, परके पुरुष आणि डावा हात, तिन्ही सांगितलं. डावा हात शेवटी सांगितला, कारण त्याचाच त्यांना सर्वांत राग येईल हे मला माहीत होतं.

तुझी खुर्ची खिडकीसमोर होती. गल्ली तुला थेट दिसत होती. सोबतच्या तबकडीत बावन्नाव्या मिनिटाला बघ. तुझे हात छान चाललेले आहेत, शाळेत कधी चालले नव्हते तसे, आणि मग थांबतात. ती थंडी नाही आणि अभिनयही नाही. मदर गल्लीत शिरल्या तो क्षण आहे. दिग्दर्शकाने तो ठेवला, वर्तमानपत्रांनी त्याची स्तुती केली, आणि मी तो माझ्या नावावर करून घेतला. पुढच्या वर्षी सिनेमा आला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसून तो पाहिला, घरी येऊन तुला लिहिलं, आणि गावालाही सांगितलं, की तुझा भाग कापून माझे हात ठेवले. तू परत येऊन पाहू नयेस म्हणून लिहिलं.

तुला गल्लीत मदर एकट्याच दिसल्या असतील, कारण गल्लीच्या अलीकडच्या विहिरीपाशी मी थांबले आणि त्या पुढे गेल्या. तिथवर त्यांच्यापुढे मी चालत होते.

नाझ्झारेना त्या दिवशी तापाने अंथरुणात होती. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. मावशीच्या मयतीलाही तू तिच्याशी का बोलली नाहीस, हे ती मला अजून विचारते आणि मी अजून खांदे उडवते. गिरणीमागच्या त्याच घरात ती राहते. तिला लिही. मला नाही लिहिलंस तर का, हे मी कुणाला विचारणार नाही.

ओर्सोला