पार्कबाईंच्या घरी वाढलेलं पान

न्यू माल्डन, लंडनजवळ
१८ नोव्हेंबर १९९३

ती. सुलक्षणाआत्या यांना शशीचा लांबूनच, पण वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावता ना? मी इथे मजेत आहे. (ही चौथी नोकरी. टिकलीय, काळजी नको.)

नाताळात मीनलताईंकडे इल्फर्डला येताय, त्यातले दोन दिवस माझ्याकडे. तर उतरायला हॉटेल बरं की मी राहतो ते कोरियन गेस्टहाऊस, असं विचारलंत. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, सांगण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

हॉटेल म्हणजे ज्याच्या लाँड्रीत मी चादरी धुतो तेच. एकदम मॉडर्न. खिडकी एकही उघडत नाही, किल्लीऐवजी भोकं पाडलेलं कार्ड, आणि बेड इतका मऊ की सकाळी माणूस आत शोधावा लागतो. दार काचेचं, कुणी समोर आलं की आपोआप सरकतं. (हल्ली मला सरकत नाही. परवा हात हलवले, उड्या मारल्या. शेवटी एका म्हातारीचं कुत्रं आलं, त्याला उघडलं, त्याच्यामागून आत गेलो. मॅनेजर म्हणतो, मशीन बिघडलंय.)

गेस्टहाऊस पार्कबाईंचं. बाहेरून इथल्यासारखंच विटांचं घर, आत सरकती कागदी दारं. जमिनीखालून गरम पाणी फिरतं, त्यावर गादी टाकून झोपायचं. तुमच्या गुडघ्यांना फार बरं. पण एक सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी कामावरून आलो तर चार वाजताच अंधारलेलं, घरात कुणी नाही. माझ्या शेजारच्या खोलीचं दार सताड उघडं आणि बुटक्या टेबलावर जेवण मांडलेलं. अख्खा मासा, नासपती, भात, भातात चमचा उभा रोवलेला. एक फोटोही होता (मालकांचा असेल, हॉटेलांत असतोच). तो जरा सरकवला आणि बसलो. मासा संपत आला तेव्हा पार्कबाई दारात. ओरडल्या नाहीत. जमिनीला डोकं टेकून दोनदा वाकल्या. मी 'व्हेरी नाइस फिश' म्हणालो.

पुढं कोरियन भाजीवाल्यानं सांगितलं, ते त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या श्राद्धाचं पान होतं. दार त्याला यायला उघडं ठेवतात, घरचे बाहेर थांबतात. आपल्याकडे कावळ्याची वाट बघतात, इथे कावळा मीच झालो, म्हणून मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "दोनदा वाकली? नक्की? अरे, जिवंत माणसाला आम्ही एकदाच वाकतो."

तेव्हापासून घरातला सगळ्यात ऊबदार कोपरा माझा. सकाळी दारात पॉलिश केलेले बूट असतात. माझे नव्हेत, पण नेमके बसतात. माझे कुठायत विचारलं की बाई लाजतात. (बाईंचं वय साठ. भलतं काही मनात आणू नका.) मला मासे आवडत नव्हते, आठवतं ना? आता डोळ्यांसकट खातो.

तेव्हा आत्या, तुम्ही हॉटेलातच उतरा. घरी सगळ्यांना नमस्कार, लहानांना गालगुच्चा.

तुमचा शशी

ता. क. : हॉटेल नको, तुमच्यासाठी गेस्टहाऊसच घेतलंय. हॉटेलात मला राहायला खोली मिळतेय, म्हणून इथून निघायला बॅग भरली होती. बाई दार अडवून उभ्या राहिल्या. "युअर फॅमिली कम. आस्क मी. देन यू गो." आणि माझं इथे दुसरं कोण आहे? तुम्हीच येऊन मला मागून घ्या.

ता. क. २ : बाई मला 'योबो' म्हणतात. म्हणजे आपलं 'अहो'. काल मी ओ दिली. आलात की दारातूनच मला नावानं हाक मारा, मोठ्यानं. लगेच आलो नाही तर परत मारा. तशाच जाऊ नका.