घरजावयांची पात्रता फेरी

प्रिय व्याहीबुवा,

आम्हा सगळ्यांचा तुम्हा उभयतांना नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल, विहीणबाईंचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात उधारीपेक्षा गिऱ्हाइकं जास्त येत असतील, अशी आशा करतो. इकडे आमची ही मजेत आहे (म्हणजे माझ्याशी बोलत नाही). माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते वाढलेला आणि माझ्या मते परिस्थितीच्या मानाने बेताचा आहे. तुमचं पत्र काल मिळालं. मुलाला, सुनेला आणि नातीला न्यायला रविवारी सामानाची गाडी पाठवतो, असं तुम्ही एका ओळीत कळवलंत. गेल्या महिन्यात मीच तशी मागणी केली होती, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तरीही गाडी निघण्याआधी तुमच्या चिरंजीवांनी इथे काय काय दिवे लावले, ते तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य समजतो. वर्तमानपत्रांवर विसंबू नका. त्यांचे वार्ताहर माझ्याकडून चष्मे घेत नाहीत.

लग्न ठरवताना तुम्ही म्हणाला होतात की मुलगा शब्दाबाहेर नाही आणि हाताचा पक्का आहे. पहिली गोष्ट खरी निघाली. लग्नानंतर ते आमच्याच माडीवर राहायला आले आणि माझ्याच चष्म्याच्या दुकानात बसू लागले. पहिल्या दिवशी मी सहज म्हटलं की वरच्या फळीला हात लावू नका, तिथे जुन्या काचा आहेत. सहा वर्षांत त्या फळीवरची धूळसुद्धा त्यांनी पुसलेली नाही. काच घासताना आजवर एक भिंग त्यांच्या हातून निसटलं नाही, हेही कबूल. पण हे गृहस्थ देशाच्या फुटबॉल संघाचे गोलरक्षक आहेत आणि दुकानात दिसणारा हाताचा पक्केपणा मैदानात शिरताना फाटकाशी ठेवून जातात, हे सांगायचं तुमच्याकडून राहिलं. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान रात्री जेवायला माडीवरून खाली उतरत नाहीत.

आता त्या गटाची कथा. मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी, गटात चार देश आणि पुढे जाणार फक्त एक. एक बडा देश, एक आपला शेजारी, एक बेटवाले आणि चौथे आपण. सोडत निघाली त्या दिवशी आमच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष आनंदाने म्हणाले की गट सोपा आहे. (खरोखरच सोपा होता, फक्त इतर तिघांना.) अध्यक्षांनी प्रशिक्षक म्हणून स्वतःच्या मेहुण्याला नेमलं. मेहुण्याचं फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे बचावफळी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा. उजव्या बाजूचा बचावपटू पेशाने वाहतूक पोलीस. समोरून कोणी वेगाने आला की हा सवयीने हात दाखवून त्याला वाट मोकळी करून देतो. बेटावरच्या सामन्याला विमानात खेळाडूंपेक्षा पदाधिकारी जास्त होते, आणि राखीव खेळाडूंना बोटीने या म्हणून सांगितलं. ते पोहोचले तेव्हा आपण हरून परतीच्या वाटेवर होतो. आणि बड्या देशाच्या घरी आपण नऊ गोल खाल्ले. नऊच्या नऊ तुमच्या चिरंजीवांच्या आजूबाजूने गेले. ते मात्र दर वेळी चेंडूच्या विरुद्ध दिशेला इतकी सुरेख उडी घ्यायचे की समोरच्यांचे प्रेक्षकसुद्धा टाळ्या वाजवत होते.

या सगळ्याचा भोग कोणाला? मला. चष्मेवाल्याच्या जावयाला चेंडू दिसत नाही, ही बातमी गावभर झाली. ज्यांना धड वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं ते येऊन मला सांगू लागले की आधी घरच्यांचे डोळे तपासा. तपासले हो! दोन्ही डोळे ठणठणीत, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी खाली छापलेल्या कारखान्याच्या नावासकट वाचून दाखवली. त्यातच दुष्काळात तेरावा महिना म्हणून चिरंजीवांनी दुकानामागच्या भिंतीवर चेंडू मारून सराव सुरू केला. एक चेंडू भिंतीवरून उडाला तो थेट दर्शनी बाजूला. माझ्या वडिलांनी लावलेली भल्यामोठ्या चष्म्याची पाटी तुम्ही पाहिली आहे. तिचा डावा डोळा फुटला. तेव्हापासून आमचं दुकान गावात काण्याचं दुकान म्हणून ओळखलं जातं.

त्या रात्री जेवताना माझा तोल गेला. मी म्हणालो, "जावईबापू, एवढ्या उड्या मारण्यापेक्षा मधोमध नुसते उभे राहिलात, तर निम्मे गोल अंगावर आदळून तरी परत जातील. आणि या गटातले सामने संपले की आपल्या वडिलांकडे जा आणि खिळे मोजा." मुलीने ताटावरची नजर वर केली नाही. ही उठून स्वयंपाकघरात गेली. चिरंजीव "बरं" म्हणाले आणि जेवत राहिले. त्याच तिरीमिरीत मी तुम्हाला ते पत्र लिहिलं.

शेवटचा सामना आपल्या मैदानावर त्याच बड्या देशाशी होता. शेजाऱ्याला मागे टाकून स्पर्धेत जायला बड्यांना सात गोलांच्या फरकाने जिंकायला हवं होतं. मागच्या वेळी नऊ घातले, तेव्हा सात म्हणजे किरकोळ, असंच सगळ्यांना वाटत होतं. आपल्या अध्यक्षांनाही वाटत होतं, म्हणून ते मध्यांतरालाच पाहुण्यांबरोबर मेजवानीला निघून गेले. मी गोलच्या मागे बसलो होतो. (पास फुकट होता, गैरसमज नको.) चार झाले, पाच झाले, सहा झाले. सामना संपता संपता आपल्या वाहतूक पोलिसाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी अडवलं, ते नेमकं पाय घालून, आणि बड्यांना पेनल्टी मिळाली. हा गोल झाला की बडे पात्र. मी डोळे मिटणार होतो, पण माझा धंदा आडवा आला. पाहिलं तर चिरंजीव मधोमध उभे. ना डावीकडे उडी, ना उजवीकडे. चेंडू आला तो थेट त्यांच्या नाकावर आदळला आणि मैदानाबाहेर गेला. पाठोपाठ शिट्टी वाजली.

शून्य विरुद्ध सहा असे हरून आम्ही रस्त्यावर नाचलो, व्याहीबुवा. पडलो तरी नाक वर म्हणतात, आमचं तर नाकच सुजलेलं होतं. शेजाऱ्यांनी आभाराची तार पाठवली. अध्यक्ष मेजवानीवरून धावत परतले आणि नऊवरून सहावर आलो ही आपल्याच नेतृत्वाची प्रगती असल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात रेडिओ चालू होता आणि गिऱ्हाइकांची गर्दी होती. निवेदकाने चिरंजीवांना विचारलं की ऐन वेळी उडी का घेतली नाही. ते म्हणाले, "सासऱ्यांनी सांगितलं होतं, नुसता उभा राहा. मी उभा राहिलो." सगळं दुकान माझ्याकडे वळलं. मी चष्म्याची काच पुसायला घेतली आणि बराच वेळ पुसत बसलो. मला त्यांचा अभिमान वाटला आणि माझी लाज वाटली, दोन्ही एकदमच. आता लोक त्या फुटक्या पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. डोळा बसवणारा कारागीर आला होता, त्याला मी परत पाठवलं.

तर असे तुमचे चिरंजीव. सामने संपले, माडीवर पेट्या भरून तयार आहेत. विहीणबाईंना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांगा.

आपला,
चष्मेवाला व्याही

ता. क. रविवारी गाडी पाठवू नये. आमचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवला आहे.

आणखी एक ता. क. हिने मागे उभं राहून पत्र वाचलं आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली, ते एवढंच की खरं काय ते लिहा. रस्ता ठीक आहे. तेव्हा कृपया तुमची गाडीच नादुरुस्त करावी.

शेवटचा ता. क. पोरगं रागावून निघालेलं नाही हो, मी जा म्हटलं म्हणून निघालं आहे. माझा शब्द मागे घ्यायचा प्रयत्न मी करून पाहिला, पण ती सवय नाही. काल माडीवर जाऊन म्हणालो, पेट्या फार जड दिसतात. तो "बरं" म्हणाला आणि दोन बूट बाहेर काढून ठेवले. नात तिच्या बाहुल्या कागदात गुंडाळते आहे, ते मला बघवत नाही. तुम्ही त्याचे वडील आहात, तुमचं तो ऐकेल. त्याला एवढंच लिहा: आहेस तिथेच उभा राहा.