कपाटामागून आलेला धूर

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? निवृत्त प्लंबरने नळ गळताना दिसला तरी वाकायचं नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिल्याचं कळलं. इकडे सगळं ठीक. आई धडधाकट आहे, तुमचं नाव घेत नाही (सहा वर्षांत सवय झाली आहे), पण मंगळवारी जे पाहिलं ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडेना.

झालं असं, की पालिकेने घरोघर पत्रक वाटलं. गटाराच्या नळांत यंत्राने धूर सोडून फटी शोधणार. धूर निरुपद्रवी आहे, घाबरून अग्निशमन दलाला फोन करू नये (समोरच्या मास्तरांनी केलाच). वापरात नसलेल्या मोऱ्यांत आदल्या दिवशी बादलीभर पाणी ओतावं, म्हणजे जाळीखालच्या वळणात पाणी साठून धूर घरात शिरत नाही. शिरलाच तर खिडक्या उघडून कर्मचाऱ्यांना सांगावं. मी गच्चीपासून अंगणापर्यंत सगळीकडे पाणी ओतलं, एका मोरीत तर दोनदा. शेवटी भाचा तुमचाच.

दहा वाजता त्यांनी रस्त्यातलं झाकण उघडून पंखा सुरू केला. आधी झाकणाच्या कडेने पांढरी रेघ निघाली, मग फुटपाथच्या एका भेगेतून, आणि मग मामा, गल्लीतल्या प्रत्येक छपरावरच्या हवेच्या नळीतून एकाच वेळी धूर वर चढू लागला, ओळीने, अगदी शांतपणे. ज्यांचं एकमेकांशी पाणी घेण्याइतकंही पटत नाही, त्यांची घरं खालून एकच आहेत हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तोंडाचा आ वासून उभा होतो. तुम्हाला हे जन्मभर जमिनीवरूनच दिसत असणार (मला लहानपणी वाटायचं, मामा नुसत्या भिंती फोडतो).

तेवढ्यात आईने हाक मारली. मागच्या खोलीत तिच्या कपाटामागून धूर येत होता. मी बोलावून आणलेल्या पालिकेच्या निरीक्षक बाईंनी कपाट सरकवायला लावलं, तर खाली जुन्या मोरीची जाळी, कोरडीठाक. मोरी काढून खोली करताना तुम्ही ती बुजवायची विसरलात आणि स्वतःच्या हातांनी वर कपाट ठेवलंत. म्हणजे आईला या खोलीत गटाराचा वास येत होता तो खराच होता. "ताई, वास नळात नाही, तुझ्या नाकात आहे," असं चारचौघांत म्हणून तुम्ही गेलात ते गेलातच. मला वाटलं, आता आई घर डोक्यावर घेणार. ती धुराकडे बघत तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय." मामा, मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पाठीला जपा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : जाळी बुजवायला माणूस बोलावतो म्हटलं तर आई ऐकत नाही. ज्याने अर्धवट ठेवलं त्यानेच पुरं करायचं, म्हणते. तेव्हा एकदा येऊन जा.

ता. क. २ : खरं सांगायचं तर निरीक्षक बाईंनी जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वास तिथेच थांबला. आठवड्यातून एकदा ओतलं की पुरे म्हणाल्या. आई रोज ओतते. बुजवलं नाही तरी आता काही अडत नाही. तरीही हत्यारांची पिशवी घेऊन या. रिकाम्या हाताने आलात तर तुम्हाला कशासाठी बोलावलं ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल.