ओट्यावरची पत्रिका

धसई, ता. मुरबाड
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय महेंद्र,

सप्रेम जयभीम. तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालते, कारण बरं नसलं तरी तू फोनवर "बरंय" एवढंच म्हणतोस. इकडे आम्ही मजेत. आईचे गुडघे त्यांचं जुनं गाऱ्हाणं गातायत, वाल काढून झाले, मनालीच्या लग्नाची निम्मी खरेदी झाली आणि उरलेल्या निम्मीवरून भांडणं चालू आहेत.

पत्र बघून हसशील. म्हणशील, ताईला मोबाईल घेऊन दिला तो काय नुसता चार्जिंगला लावायला? पण या घरात फोन वाजला की सगळ्यांचे कान टवकारतात. आई तर टीव्हीचा आवाज कमी करते. तुला जे विचारायचंय ते अशा घरात मोठ्यानं विचारता येत नाही. तू कल्याणला होस्टेलवर होतास तेव्हा मी पानं भरभरून लिहायचे आणि तू एका ओळीचं उत्तर धाडायचास. या वेळी निदान दोन ओळी लिही.

आधी बातम्या. लग्न सत्तावीस एप्रिललाच, रविवारी सकाळी, विहारासमोरच्या मांडवात. आपला होणारा जावई अनिकेत परवा येऊन गेला. मुरबाडला औषधांच्या दुकानात असतो, बोलणं गोड, स्वभाव सरळ. फक्त चहा पीत नाही, ते काही मला पटलेलं नाही. मनालीला मंचावर मामानं आणायचं, म्हणजे तू. तिचं ते लहानपणापासून ठरलेलं आहे. पांढरा शर्ट इस्त्री करून आण, तुझा तो धरणावर घालायचा निळा नको.

पत्रिका मिळाली असेलच.

गेल्या आठवड्यात टीव्हीवर चर्चा लागली होती. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न करावं की नाही, यावर. कोर्टानं दीड वर्षापूर्वी सांगितलं ना, की असं लग्न हा हक्क म्हणून आम्ही देऊ शकत नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा, तेच पुन्हा उकरून काढलं होतं. चार चौकटींत चार जण, आणि चौघं एकाच वेळी बोलतायत. एक म्हणाला, हे शहरातलं फॅड आहे. मला हसू आलं. तुमच्या शहापूरला अजून सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, ते शहर कधी झालं? आई म्हणाली, "काय भांडतात गो एवढं?" मी म्हटलं, धरणाच्या पाण्यावरून. ती म्हणाली, "मंग भांडनारच."

त्या चौघांपैकी एकानंही विचारलं नाही ते मला विचारायचंय. सकाळी आधी कोण उठतं, तू की अजय? चहा कोण ठेवतं? भांडण झालं तर रुसून माहेरी कोण जातं? मी रुसले की आईकडे जायचे. आता आईच माझ्याकडे राहायला आली, त्यामुळे रुसायची सोयच राहिली नाही. तुमचं कसं? किन्हवलीच्या पुढं त्याच्या आदिवासी वाडीवर तू जातोस का? त्याच्या आईला काय म्हणतोस, सोनीबाई की नुसतं आई? आणि ती तुला काय म्हणून हाक मारते? मला खरंच जाणून घ्यायचंय. आपल्यात साडूच्या मेव्हण्यालाही नाव आहे, पण अजय माझा कोण, हे मी मनातल्या मनात लावून बघते आणि एकही शब्द बसत नाही. भावजय म्हणावं तर मिशा आहेत.

रागावू नकोस. मी तुझी म्हणून चिडवते, बाकीचे तर चिडवतही नाहीत.

नवी खोली कशी आहे? मागची मालकीण तुम्हाला चुलतभाऊ समजून होती तोवर वरण-भात आणून द्यायची. भाऊ नाहीत असं कळलं आणि लगेच पोरांची परीक्षा आहे, अभ्यासाला खोली लागेल, म्हणून बाहेर काढलं. ऐन दिवाळीत तिच्या पोरांची कसली परीक्षा होती कोण जाणे. या घरमालकाला काय सांगितलंत? अशा जोडीला रेशन कार्डावर एकाच घरचे धरा, असं सरकारनं गेल्या वर्षी कळवलंय म्हणे. ते करायला गेलात का, की दुकानात पुन्हा ते गालात हसणं नको म्हणून राहू दिलंत?

तुझ्या अपेंडिक्सच्या वेळचं मला अजून आठवतं. सही रक्ताच्या नातेवाइकाची पाहिजे म्हणाले, म्हणून मी धसईहून मुरबाड, मुरबाडहून पुढं अशी बस बदलत आले. तोवर तू तसाच कळवळत पडलेला. अजय दाराशी उभा होता, तुझ्या चपला पिशवीत घालून हातात धरल्या होत्या. नर्सनं विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "रूम पार्टनर." मी सही केली आणि मला आत सोडलं. तो बाहेरच. परत येताना बसमध्ये मी विचार करत होते, की मी तुझी बहीण खरी, पण तुला आदल्या रात्री ताप होता की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

आता पत्रिकेचं लिहिते. मघाशी एका ओळीत उरकलं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आपल्या वस्तीची रीत तुला ठाऊक आहे, पण मनालीला परवा ती समजावून सांगावी लागली, म्हणून इथंही लिहिते. पत्रिका माणसाच्या हातात दिली तर बोलावणं त्या एका माणसाला. चुलीपाशी नेऊन ठेवली तर चूलबंद, म्हणजे त्या चुलीवर जेवणारं अख्खं घर, आणि त्या दिवशी तिथं चूल पेटवायची नाही. चुलीपाशी ठेवलेली पत्रिका परत उचलत नाहीत. उचलली तर ते घर तोडलं असं धरतात.

तुझं काय करायचं यावर इथं बैठक झाली होती. तुझे भाऊजी, त्यांचे थोरले भाऊ सोमाभाऊ, आई आणि मी. सोमाभाऊ म्हणाले, "महेंद्रला हातात द्या. आपला पोरगा हाय, मामा हाय, येऊ दे. पन तो दुसरा नको. वाडीवरचा पोरगा, नि त्यात ते तसलं. पाव्हन्यांम्होरं काय सांगायचं?" दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात सारख्याच होत्या, महेंद्र. वाडीवरचा आहे हे आधी आलं तोंडात. एकेकाळी गाव आपल्याकडे ज्या नजरेनं बघायचं ती नजर आपल्याच ओसरीवर येऊन बसली, आणि चहा पीत होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं तसं. ते म्हणाले, "तू भावाची बाजू घेनारच." आणि ठरलं, हातात.

मग गेल्या रविवारी तुझे भाऊजी भांडी बघायला शहापूरला आले तेव्हा पत्रिका घेऊन तुझ्याकडे गेले. तू ड्युटीवर होतास, घरी अजय एकटाच. पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं, तेही घरी येऊन वहाणा काढताना एकदम थांबले आणि कपाळावर हात मारला तेव्हा.

"काय झालं?" मी विचारलं.

"हातात द्यायची व्हती गो."

"मग दिली नाय का?"

"त्याचे हात पिठात व्हते. भाकऱ्या थापीत व्हता. म्हनला, भाऊजी, ठेवा तिथं ओट्यावर. मी ठेवली. ग्यासच्या कडंला." मग वहाणा कोपऱ्यात सारत म्हणाले, "मला भाऊजी म्हनला तो."

या वस्तीत कुणाचंही लग्न असो, घरोघर पत्रिका फिरवायला तुझे भाऊजीच. हात आपोआप चुलीकडे जातो. अजयला रीत ठाऊक नाही, त्यांना ती झोपेतही ठाऊक, म्हणून हे झालं. वर तिथंच बसून त्यांनी सुकटीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. भाकरी मऊ होती म्हणाले. माझ्या भाकरीला इतक्या वर्षांत असं कधी म्हणाले नाहीत.

त्या दिवसापासून तुझा फोन नाही. एरवी पत्रिका मिळाली की तू लगेच छपाईतल्या चुका काढायला फोन केला असतास. त्यावरूनच मला कळलं, की संध्याकाळी घरी आल्यावर तुला ती कुठं ठेवलीय ते दिसलं आणि तिचा अर्थही कळला. तू वाट बघतोयस. चुकून ठेवली की ठेवायची म्हणून ठेवली, हे तुला आमच्याकडून ऐकायचंय. अजयला सांगितलंस का? की उगाच आशा नको म्हणून गप्प आहेस?

सोमाभाऊंना कळलं तेव्हा ते तुझ्या भाऊजींना म्हणाले, वंदनाला पत्र लिहायला सांग. चूक झाली, एकट्यानंच ये, असं लिही. पोरगा समजूतदार आहे. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं बरं का. नाहीतर इतक्या चौकशा करायला मला एवढी फुरसत कुठली.

आई काय म्हणाली ते ऐक. ती म्हणाली, "मला ते काय कळत नाय नि कळून घ्यायचं बी नाय. मला त्याची बायको बघायची व्हती, ती नाय बघाया भेटली." रडली थोडी. मग नेहमीसारखं जुनं सुरू झालं, गावच्या लग्नाचं बोलावणं आपल्याला कुंपणाबाहेरून कसं यायचं, नुसती हाक मारून जायचे, भांडं आपलं आपण न्यायचं, शेवटी उकिरड्याच्या अंगाला बसायचं. हे आपण शंभरदा ऐकलंय. पण या वेळी ती मधेच थांबली, सोमाभाऊंकडे बघितलं आणि पदर सावरून आत गेली. का थांबलीस, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, एवढी चौकशी करणारी मी.

मनालीनं अनिकेतला तुमचं आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "मला चालतंय, फक्त आमच्या आत्याला सांगू नका." म्हणजे आत्याला कळणार. मला भीती वाटते, महेंद्र, ती वाटत नाही असं खोटं लिहीत नाही. भर मांडवात कुणी काही बोललं, पाव्हणे उठले, तर ते पोरीच्या वाट्याला येईल. मी मनालीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मामानं मला एकट्यानं मंचावर न्यायचं आणि त्याचं माणूस घरी बसवायचं, हे माझ्या लग्नात नाय."

तर सोमाभाऊंनी सांगितलेलं ते वाक्य मी लिहिणार नाही. काल मी तुझ्या भाऊजींना सांगितलं, एवढं असेल तर तुम्हीच जा शहापूरला, आणि ज्या हातानं ठेवलीत त्याच हातानं ती ओट्यावरून उचलून आणा. ते बराच वेळ अंगणात दोरी वळत बसले. मग म्हणाले, "माझ्यानं नाय व्हनार ते. भाकर खाल्ली ना तिथली." मांडवात ते अजयशी बोलतील की नाही, सांगता येत नाही. पण उचलायला येणार नाहीत.

तेव्हा दोघांनी यायचं. सोनीबाईंना वेगळी पत्रिका घेऊन मी स्वतः वाडीवर जाईन, म्हणजे माझे काही प्रश्न परस्पर सुटतील. तू मनालीला मंचावर आणशील तेव्हा अजयची खुर्ची पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी असेल. आईनं हो म्हटलेलं नाही. खुर्ची मी ठेवणार आहे. ती उठून गेली तर मी तिथं बसेन, तू मागे वळून बघू नकोस, पोरीला नीट घेऊन चल.

पाकिटावर तुम्हा दोघांची नावं घातली आहेत. इथल्या पोस्टातला पंढरी तिकीट लावताना वाचणारच आणि विचारणारच, वंदनाताई, हा अजय कोन तुमचा? शब्द मला अजून सापडलेला नाही. पण त्याच्यासाठी थांबायला आता वेळ नाही. सांगेन, आमच्या घरचा आहे.

तुम्हा दोघांची,
ताई