वरून दिसणारी आग

१० मार्च १९८६
किळस आली आज! जंगलखात्याचा गार्ड बापूराव भर वर्गात शिरला, मागे मोहफुलं वेचणाऱ्या बाया. फळ्यावर मी हवामानाच्या उपग्रहाचं चित्र काढलं होतं. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "गुरुजी, याले रातच्याले दिसते का?"

मी खुळा, खुलून सांगत सुटलो — दिसतं. तो उजेड नाही, उष्णता बघतो. तापलेली जमीन काळपट, उंचावरचे थंड ढग पांढरे. अंधारातही चित्र येतं.

"आयकलं?" तो बायांना म्हणाला. "मोहाखालचा पाला जाळसान तर फोटो दिल्लीले जाते."

पाला जाळल्याशिवाय खाली गळलेली फुलं दिसणार कशी? या बायांचं अर्धं वर्ष त्या फुलांवर निघतं. मी "पण —" म्हणेपर्यंत सगळी पांगली.

१२ मार्च
बापूरावच्या सायकलला कोंबड्या उलट्या लटकलेल्या. "फोटोत आलेलं नाव खोडून दिलं" म्हणे! थुंकलो.

१५ मार्च
त्या बायांमधल्या सुकरीच्या अंगणात बसून समजावलं. तिचे दिवस भरत आलेत, तरी रोज मोहाखाली वाकते. म्हटलं, चित्रातल्या एका ठिपक्यात तुमचं गाव, टेकडी, नाला, सगळं मावतं. तुमची आग त्यात कुठून दिसणार?

"म्हंजे दिसते का नाई?"

मोठा वणवा असला, उपग्रह तसा असला, तर कदाचित... मी बोलतच होतो. तिचा नवरा चैतू उठून गेला. बापूराव "दिसते" म्हणतो, एवढं पुरतं. माझं शास्त्र कोणाच्या कामाचं?

१९ मार्च
दुपारपासून गारा. वारा झोंबतोय. माझी सोडून गावात एकही चूल पेटलेली नाही — बापूरावचा नवा हुकूम, अंधार पडल्यावर आग बंद! कोंबड्या संपत आल्या, आता बकरे हवेत त्याला. आणि आज तर आभाळ गच्च भरलंय. ढगाखालचं त्या उपग्रहाला काहीच दिसत नाही! शिसारी येते. त्याची, आणि शहाणपण सांगत बसणाऱ्या माझीही. सकाळी घरोघर जाऊन सांगेन.

२० मार्च
उजाडताच चैतू दारात, ओला. रात्री सुकरी बाळंत झाली. "पोरगी थंडी पडून राह्यली, गुरुजी. बाजेखाली आग ठेवू का? वरून दिसंल का?"

"नाही," म्हणालो. पहिल्यांदाच, नुसतं नाही. माझ्या चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन धावलो. पोहोचलो तेव्हा सुकरी लेकीचे तळवे चोळत होती. पोरगी गेली होती.